निशाणी डाव्या हाताचा अंगठा

वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नव्या औषधाची ट्रायल सुरू असली की ओपीडीच्या आसपास एखाद्या खोलीत कागदांचा जाड गठ्ठा दिसतो. पंधरा-वीस पानं तर सहज असतात. रक्त किती वेळा काढणार, त्रास काय होऊ शकतो, मधूनच सोडून गेलात तरी नेहमीचे उपचार कसे थांबणार नाहीत, असं सगळं त्यात असतं. को-ऑर्डिनेटर ते जीव तोडून समजावत असते. रुग्ण मान डोलावतो आणि शेजारी बसलेला नातेवाईक विचारतो, ‘सही कुठं करायची?’

माझी नजर मात्र शेवटच्या पानावर अडकते. तिथं सही किंवा अंगठा, तारीख, डॉक्टरांची सही आणि साक्षीदाराची सही लागते. त्याच्या वर शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न. आणि चक्क नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं. विम्याच्या अर्जातला रकाना दवाखान्याच्या कागदावर कसा आला? आणि सहीशेजारी अंगठ्याची जागा? या पानाचं कूळ शोधायला गेलं की डॉक्टरांच्या आधी ठेकेदार भेटतात, मग काझी, मग कैदी.

अंगठ्यापासून सुरुवात करू. मराठेशाहीतल्या कागदांवर लिहिता न येणारा माणूस निशाणी करायचा. पाटलाची निशाणी नांगर, तर बलुतेदाराची त्याचं हत्यार. कागद बघणाऱ्याला माणूस कोण, काय करतो, गावात त्याची जागा कुठली, हे एका रेघोटीतून कळे. अंगठा यातलं काहीच सांगत नाही. शरीर हेच, एवढीच तो ग्वाही देतो.

ही कल्पना बंगालमधून आली. १८५८ साली जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा तरुण इंग्रज अधिकारी रस्त्याचं काम काढत होता. माल पुरवण्याचा करार राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी ठरला. करार कोनाईनं स्वतःच्या हातानं बंगालीत लिहिला होता, म्हणजे गडी साक्षर होता. तो सही करणार तेवढ्यात हर्शेलनं त्याला थांबवलं, सरकारी शिक्क्याची तेलकट शाई त्याच्या तळव्याला आणि बोटांना फासली आणि कागदाच्या पाठीवर अख्खा पंजा उमटवून घेतला. पुढं हर्शेलनंच मोकळेपणानं लिहून ठेवलं की उद्या यानं सही नाकारू नये, एवढीच धास्ती त्याला घालायची होती. पुढं १८७७ मध्ये हुगळीला त्यानं पेन्शन आणि दस्तनोंदणीसाठी बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. मग ठसा कचेऱ्यांमधून पसरत गेला. आपल्याकडच्या दस्तांवर ‘नि. डा. हा. अं.’ लिहिलेलं असतं, त्यामागं हा पंजा आहे. आपण मराठीत ‘अंगठा दाखवला’ म्हणतो तेव्हा समोरच्यानं नाकारलं असा अर्थ होतो, आणि कागदावरचा अंगठा तर नाकारता येऊ नये म्हणूनच घेतलेला!

आता मजकुराकडं वळू. वैद्यानं रुग्णाकडून लिहून घ्यायची पद्धतही जुनी आहे. ऑटोमन साम्राज्यातल्या काझींच्या दफ्तरांत सतराव्या शतकातले असे करार सापडतात. हर्निया किंवा मूतखडा कापून घ्यायला आलेला माणूस काझीसमोर कबूल करतो की मी मेलो तरी माझ्या वारसांनी या जर्राहावर, म्हणजे शल्यवैद्यावर, दावा लावू नये. कागद रुग्णाचा, पण त्याच्या आडोशाला उभा कापणारा. नातेवाइकांच्या मारहाणीला भ्यायलेला आजचा निवासी डॉक्टर त्या जर्राहाला लगेच ओळखेल.

प्रयोगासाठी मात्र असा कागद कुणाला लागत नव्हता, कारण प्रयोगाची माणसं अशी निवडलेली असत की त्यांना विचारायची गरजच पडू नये. १७२१ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगातल्या सहा कैद्यांना देवीच्या फोडातला द्राव टोचला गेला. बदल्यात शिक्षा माफ. १७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरनं ‘सॅलिसबरी’ जहाजावरच्या स्कर्व्हीच्या बारा खलाशांना दोन-दोनाच्या जोड्यांत वेगवेगळे उपाय दिले. संत्री-लिंबं मिळालेली जोडी लवकर सावरली. लिंडचं नाव वैद्यकाच्या प्रत्येक पुस्तकात आहे, त्या बारांना काय विचारलं हे कुठंच नाही.

मुंबईचा प्रसंग याच वळणाचा. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. थोड्याच दिवसांत लस-संशोधक वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत लशीच्या मागं लागले. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली. मला हा माणूस आवडतो तो यामुळं. ज्याला दुसऱ्याला सुई लावायची आहे त्यानं आधी आपला दंड पुढं करावा, ही संमतीपत्राच्याही आधीची सभ्यता होती. पण महिनाअखेरीस प्लेग भायखळ्याच्या तुरुंगात शिरला आणि लशीची परीक्षा तिथं झाली. सुमारे दीडशे कैदी टोचून घ्यायला पुढं आले, उरलेल्यांशी त्यांची तुलना झाली आणि टोचलेल्यांमध्ये प्लेग कमी निघाला. शास्त्र म्हणून काम चोख होतं. कैदी स्वखुशीनं आले, असंच सांगितलं जातं. बाहेर शहर ओस पडतंय, आत बराकीत माणसं मरताहेत, दाराला कुलूप आहे. अशा ठिकाणी ‘खुशी’ या शब्दाचं वजन किती धरायचं? कुणी फसवलं असं मी म्हणत नाही. हा प्रश्न कागदावर लिहायची जागाच तेव्हा नव्हती.

ती जागा १९०० साली तयार झाली. तीही पाच आठवड्यांच्या आत दोनदा, समुद्राच्या दोन तीरांवर, एकमेकांची गंधवार्ता नसताना.

पहिली क्यूबात. पीतज्वर डासांमुळं पसरतो का हे अमेरिकी सैन्याच्या वॉल्टर रीड यांना तपासायचं होतं. त्यांचा सहकारी जेसी लाझिअर सप्टेंबरात पीतज्वरानं गेला होता. रीड यांनी स्पेनहून नुकत्याच आलेल्या मजुरांशी इंग्रजी-स्पॅनिश असा द्विभाषिक लेखी करार केला. त्यावर तारीख २६ नोव्हेंबर १९००. या आजारानं जीव जाऊ शकतो हे मला कळतं, पण बेटावर राहून तो टाळणं तसंही अवघड आहे, तेव्हा नीट देखभालीच्या भरवशावर मी तो मुद्दाम ओढवून घेतो, असा त्याचा आशय. शंभर डॉलर सोन्यात मिळणार. ताप आला तर आणखी शंभर. छावणी सोडून गेलास तर बुडाले. आणि मेलास तर रक्कम तू नाव दिलेल्या माणसाला. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या ओळीत आपल्या फॉर्मवरचा नॉमिनी बसलेला दिसतो. धोका स्पष्ट लिहिला म्हणून या कागदाचं कौतुक होतं आणि ते रास्तही आहे. पण त्याचा बाज मजुरीच्या कराराचाच होता. कोनाईनं माल पुरवायचा होता, यांनी अंग.

दुसरी जागा प्रशियात. त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट नायसर यांनी सिफिलिसच्या रुग्णांचा सीरम न सांगता दुसऱ्या बायकांना टोचला. त्यातल्या बऱ्याच वेश्या होत्या. गवगवा झाला, नायसर यांना दंड झाला, आणि २९ डिसेंबर १९०० ला प्रशियाच्या सरकारनं फर्मान काढलं: उपचाराखेरीज अन्य हेतूनं काही करायचं तर माणूस सज्ञान हवा, संभाव्य अपाय त्याला नीट सांगितलेले हवेत, त्याचा होकार हवा आणि हे सगळं केसपेपरवर नोंदलेलं हवं. इथं पहिल्यांदा कागद डॉक्टरला अडवायला उभा राहिला.

ज्या देशात हे नियम सर्वांत आधी झाले, १९३१ मध्ये आणखी कडक झाले, तिथंच पुढं छळछावण्यांत काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. न्यूरेंबर्गला २३ आरोपींवर खटला चालला. ऑगस्ट १९४७ च्या निकालात दहा कलमं आली, पहिलंच स्वेच्छेच्या संमतीचं. त्याच महिन्यांत ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ट्रायल सुरू होती. आधुनिक ट्रायलची आई म्हणावी असा तो अभ्यास. १०७ रुग्ण, कुणाला औषध आणि कुणाला नुसती विश्रांती हे चिठ्ठीनं ठरलेलं. आपण अशा अभ्यासात आहोत हे रुग्णांना सांगितलंच नव्हतं. न्यूरेंबर्गची कलमं राक्षसांसाठी आहेत, आपल्यासारख्या भल्या डॉक्टरांसाठी नाहीत, असा समज त्या पिढीत पक्का होता. अमेरिकेत टस्कीगीला सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना नुसतं न्याहाळत राहण्याचं काम १९३२ ते १९७२ असं चाळीस वर्षं चाललं, न्यूरेंबर्गनंतरही थांबलं नाही ते याच समजाच्या सावलीत. पाठीच्या मणक्यातून पाणी काढण्याला त्यांना ‘खास मोफत उपचार’ असं पत्रातून कळवलं होतं. ‘माहिती देऊन घेतलेली संमती’ हा शब्दप्रयोग मधल्या काळात, १९५७ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या कोर्टात रुळला होता. हेलसिंकीचा जाहीरनामाही १९६४ चा. पण नियमांना खरे दात फुटले ते टस्कीगी वर्तमानपत्रात आल्यावर.

भारतात वैद्यकीय संशोधन परिषदेनं १९८० मध्ये नीतिनियम काढले, १९८८ मध्ये औषध नियमांना ‘शेड्यूल वाय’ जोडलं गेलं. हे झपाट्यानं सांगून पुढं जातो, कारण आपल्याकडं अंगठ्याची खरी गोष्ट खम्मममध्ये घडली. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस एका अभ्यासप्रकल्पात दिली गेली. काही मुली दगावल्या. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत निघाला नाही, पण कागद उघडे पडले. संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालात आंध्रातल्या फॉर्मांची मोजदाद आहे: ९,५४३ पैकी १,९४८ वर अंगठे आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या. आईबाप पाड्यावर, लेक आश्रमशाळेत, आणि होकार देणारा नोकरीतला माणूस. हर्शेलला भीती होती नाकारण्याची. इथं नाकारू शकणारी माणसं कागदाजवळ पोचलीच नाहीत.

२०१३ मध्येच इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं संमतीचं चित्रीकरण सक्तीचं केलं. २०१५ मध्ये ते दुबळ्या स्थितीतल्या सहभागींपुरतं राहिलं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी चेहरा नको, नुसता आवाज. भरपाईचे नियम आले तेव्हा फॉर्मवर उत्पन्न आणि नॉमिनी आले. लिहिता-वाचता न येणाऱ्यासाठी ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार सबंध वेळ हजर हवा. पण साक्षीदार असून भागत नाही, शब्दही कळायला हवेत. पुण्याजवळच्या वढूला रोटाव्हायरस लशीच्या मोठ्या ट्रायलसाठी तान्ह्या मुलांच्या आयांना समजावायचं होतं, तर ‘यादृच्छिक’ हा छापील शब्द काय कामाचा? अशा वेळी छापा-काटाच सांगावा लागतो.

मी असाच एकदा ओपीडीजवळच्या त्या कागदांच्या खोलीत बसलो होतो. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला. सत्तरीच्या एका बाई सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, ‘म्हंजे मला खरं औषिद भेटंल का खोटं, ते तुमालाबी म्हाईत न्हाई?’ को-ऑर्डिनेटर ‘नाही’ म्हणाली. वीस पानांचं सार बाईंनी एका वाक्यात काढलं होतं. मग त्यांनी शाईच्या डबीत अंगठा बुडवला.

राज्यधर कोनाईच्या पंजाचा कागद हर्शेलनं जन्मभर जपला आणि १९१६ मध्ये आपल्या पुस्तकात छापला. २०१९ च्या ट्रायलविषयक नियमांप्रमाणे भरलेल्या फॉर्मची प्रत सहभागीच्या हाती द्यावी लागते. बाईंनी ती केसपेपरच्या पिशवीत घातली आणि नातवाला दाखवते म्हणाल्या. अंगठ्याची शाई त्यांनी पदराला न पुसता भिंतीला पुसली.