हीमोझॉइन : हिवतापाचे काळे कण

हिवतापाचा परजीवी (प्लाझ्मोडियम) तांबड्या रक्तपेशीतील हीमोग्लोबिन पचवतो, तेव्हा मागे उरणारे तपकिरी-काळे, स्फटिकरूप रंगद्रव्य. रोगाची खूण म्हणून ते एकोणिसाव्या शतकापासून परिचित आहे. रक्तपेशीतला ऑक्सिडीकारक ताण हा परजीवी कसा सोसतो, याचे बरेचसे उत्तरही त्यातच दडले आहे.

२० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत, हुसेन खान या रुग्णाला चावलेल्या डासाच्या जठरभित्तीत काही गोल पेशी दिसल्या. त्या परजीवीच्याच, हे त्यांनी ओळखले ते आतल्या काळ्या कणांवरून. सिकंदराबादची छावणी निजामाच्या मुलखातली. औरंगाबादही (आताचे छत्रपती संभाजीनगर) तेव्हा त्याच संस्थानात होते. आज तिथल्या घाटी रुग्णालयात काय किंवा एखाद्या ग्रामीण रुग्णालयात काय, काचपट्टीवर पसरून रंगवलेल्या रक्तात व्हायवॅक्स या जातीच्या परजीवीने फुगवलेली पेशी सापडली, की वाढत्या परजीवीच्या अंगभर हेच बारीक कण विखुरलेले दिसतात.

परजीवी आम्लधर्मी अन्नरिक्तिकेत हीमोग्लोबिनचे तुकडे करतो. त्यातली अमिनो आम्ले त्याच्या कामाची. लोहयुक्त हीम मात्र विष. हीममधले लोह फेरस अवस्थेतून फेरिक अवस्थेत जाताना सुपरऑक्साइड आणि त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. शिवाय मोकळे हीम पेशीपटलांना इजा करते. म्हणून परजीवी बहुतेक हीम न विरघळणाऱ्या स्फटिकांत बांधून टाकतो. पेरॉक्साइड फोडणारे कॅटॅलेज त्याच्याजवळ नसते. थायोरेडॉक्सिन, ग्लुटाथायोन आणि पेरॉक्सिरेडॉक्सिने यांवर तो निभावतो. इतकेच नव्हे, तर रक्तपेशीचे पेरॉक्सिरेडॉक्सिन-२ सुद्धा उचलून आत घेतो. ही उसनवारी मला या साऱ्या व्यवहारातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

क्लोरोक्विन हे औषध घाव घालते ते इथेच : हीमला चिकटून ते स्फटिक बनू देत नाही.

जी-६-पीडी या एंझाइमची जन्मजात कमतरता असलेल्या रक्तपेशी मुळातच ऑक्सिडीकारक माऱ्यापुढे दुबळ्या असतात. अशा पेशीत परजीवीचेही हाल होतात आणि गंभीर हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. पण व्हायवॅक्स यकृतात दडून राहू नये म्हणून १४ दिवस दिले जाणारे प्रायमाक्विन याच माणसांच्या रक्तपेशी फोडू शकते. महाराष्ट्रात पारशी आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता आढळते. तिथे गोळ्या सुरू करण्याआधी जी-६-पीडीची तपासणी टाळू नये. गोळ्या चालू असताना लघवी काळ्या चहासारखी झाली, तर पुढची गोळी न घेता तडक दवाखाना गाठावा.