कंपनीकडचे येणे, निजामाचे व्याज आणि गहाण पडलेला वऱ्हाड #थ्रेड

बुलढाणा जिल्ह्यातले साखरखेर्डा. ऑक्टोबर १७२४ मध्ये येथे मुबारिजखानाचा पाडाव करून निजामउल्मुल्काने दख्खनेत आपली सत्ता उभी केली. सव्वाशे वर्षांनी त्याच्या वंशजाने साखरखेर्ड्यासह सारा वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. तोही लढाईत हरून नव्हे, कर्जापायी.

गोष्ट सुरू होते हैदराबादच्या विल्यम पामर आणि कंपनी या पेढीपासून. निजाम सिकंदरजाहचा कारभार पाहणारा चंदुलाल फौजेच्या पगारासाठी हिच्याकडून उचल घेई. दर वार्षिक २४-२५ टक्के, तारण महालांचा वसूल. पेढीतला एक भागीदार गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या आप्तवर्तुळातला, त्यामुळे कलकत्त्याहून हरकत येणे अवघडच होते.

१८२० मध्ये चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला आणि त्याने हिशेब तपासले. त्याचे म्हणणे सरळ होते: कंपनीच्या पतीवर ६ टक्क्यांनी पैसा उभा करा आणि पामरचे देणे फेडून टाका. लाखाला वर्षाचे २४ हजार व्याज भरायचे, की ६ हजार? हेस्टिंग्जने ते मानले नाही. उलट मेटकाफवरच त्याची खप्पामर्जी झाली.

हेस्टिंग्ज गेल्यावर वाट निघाली, पण निराळी. उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी निजामाला दरसाल ७ लाख रुपये पेशकश देणे लागत होती. १८२३ मध्ये या कायमच्या उत्पन्नाचे ६ टक्के दराने भांडवल बांधले गेले. सात लाखांना शंभराने गुणा, सहाने भागा: १ कोटी १६ लाख ६६ हजार ६६६ रुपये. ही रक्कम कंपनीने दिली, तीतून पामरचे देणे वारले, पेशकश कायमची मिटली. लवकरच पेढीही बुडाली.

माझ्या मते व्यवहार मूर्खपणाचा नव्हता. चोवीस टक्क्यांचे कर्ज अंगावर ठेवून सहा टक्क्यांचे उत्पन्न जपणे याला शहाणपण म्हणता येत नाही. पण कर्ज ज्यामुळे झाले तो खर्च, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची कंटिंजंट फौज, तसाच राहिला. मोडायला आता पेशकशही उरली नव्हती. पगार पुन्हा तुंबले, कंपनी स्वतःच्या खजिन्यातून ते भागवू लागली आणि सावकार बदलला, एवढेच.

२१ मे १८५३. डलहौसीच्या दडपणाखाली निजाम नासिरुद्दौलाने तह केला. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात गेले. मेहकर, चिखली, मलकापूरच्या कुणब्याने भरलेल्या साऱ्यातून आधी फौजेचा खर्च, मग कर्जावर ६ टक्के व्याज, आणि उरेल ते निजामाला. हिशेब दरसाल दाखवायचा होता.

१८६० च्या तहाने सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले. धाराशिव आणि रायचूर परतले. वऱ्हाड मात्र नाही. कर्ज फिटले तरी तारण सुटले नाही, शिवाय हिशेब मागण्याचा हक्कही निजामाने सोडला!

अखेर १९०२ मध्ये कर्झनने मीर महबूब अलीखानाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला, खंड वार्षिक २५ लाख. त्यातूनही सुरुवातीची काही वर्षे दुष्काळात घेतलेल्या कर्जाचे हप्ते वळते करून घेण्यात आले.