माफीच्या साक्षीदाराची नजर : जळगाव, 1930

फरारी आरोपीचा शोध हा अखेर एका चेहऱ्याचा शोध असतो. नाव, टोपणनाव, गाव हे सारे पोलिसांच्या हाती आले, तरी 'हाच तो' असे म्हणणारे कोणीतरी लागते. 17 डिसेंबर 1928 रोजी लाहोरला साँडर्स मारला गेला (मराठी क्रांतिचरित्रे येथे 'वध' लिहितात, सरकारी कागद 'खून', आणि या एका शब्दावरून लेखकाची बाजू कळते). पुढे 10 जुलै 1929 रोजी लाहोर कटाचा खटला उभा राहिला, तेव्हा चंद्रशेखर आझाद फरारीच होते. काकोरीच्या 1925 च्या रेल्वेलुटीपासून पोलीस त्यांच्या मागावर होते. ओरछ्याजवळ सातार नदीकाठी ते 'हरिशंकर ब्रह्मचारी' म्हणून राहिले, झाशीत त्यांनी मोटारदुरुस्तीचे काम केले. अशा माणसापर्यंत पोचायचे तर त्याच्या सोबत्यांपैकीच कोणीतरी फोडणे भाग होते. जयगोपाल आणि फणींद्रनाथ घोष हे दोघे माफीचे साक्षीदार झाले.

या शोधाचा धागा खानदेशात आला तो भुसावळच्या फलाटावर. सप्टेंबर 1929 मध्ये भगवानदास माहौर आणि सदाशिवराव मलकापूरकर हे आझादांचे झाशीचे दोन विश्वासू सहकारी अकोल्याला निघाले होते. इटारसी-खांडव्याकडून येणाऱ्याला अकोल्यासाठी तेव्हा भुसावळलाच गाडी बदलावी लागे. तेथे अबकारी खात्याच्या शिपायांना त्यांच्या सामानाचा संशय आला आणि त्यात बाँबचे साहित्य सापडले. अकोल्याच्या वाटेवर मलकापूर नावाचे स्टेशन आहे. मलकापूरकर तेथवरही पोचले नाहीत.

खटला जळगावला, म्हणजे त्यावेळच्या पूर्व खानदेशच्या मुख्य ठिकाणी, चालला. या दोघांचा लाहोरशी संबंध जोडायचा, तर लाहोरचे साक्षीदार जळगावला आणणे ओघानेच आले. 21 फेब्रुवारी 1930 रोजी कोर्टाच्या आवारात माहौरांनी, बाहेरून गुप्तपणे पोचवलेल्या पिस्तुलातून, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जयगोपाल जखमी झाला. दोघेही साक्षीदार वाचले.

चरित्रग्रंथांत हा प्रसंग 'गद्दारांना शासन' या एका वाक्यात उरकतात. मला ते अपुरे वाटते. काही महिन्यांपूर्वी लाहोरच्या कोर्टात प्रेमदत्त या तरुण आरोपीने याच जयगोपालला चप्पल फेकून मारली होती. तो निव्वळ संताप होता. जळगावच्या गोळीचा रोख मात्र ओळख पटवणाऱ्या डोळ्यांवर होता. फाशीचा दोर या साक्षींवरच वळला जाणार होता आणि बाहेर फिरणाऱ्या आझादांना धोका होता तोही त्यांना जवळून पाहिलेल्या अशाच माणसांकडून.

आणि ती नजर किती भरवशाची होती? साँडर्सच्या दिवशी पोलीस चौकीवर टेहळणीला होता तो हाच जयगोपाल. मारायचे होते स्कॉटला, त्याने इशारा केला साँडर्स दिसताच. कटातल्या सर्वांत घातक चुकीचा धनी असलेला हा डोळाच पुढे साम्राज्याचा अधिकृत पुरावा ठरला. साक्षीदाराच्या कथनाची विश्वासार्हता कादंबरीच्या तासाला आपण तासन्‌तास चर्चितो, पण इतके बोलके उदाहरण मला एखाद्या कादंबरीतही क्वचितच आढळले आहे.

निकाल 7 ऑक्टोबर 1930 रोजी लागला आणि 23 मार्च 1931 रोजी भगतसिंग, राजगुरू, सुखदेव फासावर गेले. आझाद त्याआधीच, 27 फेब्रुवारीला, अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कात पडले. त्यांची खबर कोणी दिली यावर अजूनही वाद आहे. म्हणजे शोध संपला तो न्यायालयाबाहेर, आणि कोणत्याही साक्षीविना. घोषला 1932 मध्ये बेतियात वैकुंठ शुक्ल यांनी गाठले. त्यासाठी 1934 मध्ये शुक्लांना गयेच्या तुरुंगात फाशी झाली.

माहौर दीर्घ तुरुंगवासानंतर सुटले, झाशीत हिंदीचे प्राध्यापक झाले आणि 1857 च्या संग्रामाचा हिंदी साहित्यावरील प्रभाव हा त्यांनी संशोधनाचा विषय घेतला. मलकापूरकर आणि शिव वर्मा यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या 'यश की धरोहर' या आठवणींच्या पुस्तकात आझाद आहेत, ते आरोपी क्रमांक म्हणून नव्हे. आझादांच्या आई जगरानीदेवी यांना मलकापूरकरांनी झाशीला आपल्या घरी आणले, आणि 1951 मध्ये त्या वारल्या तोवर मुलाच्या जागी राहून सांभाळले.