अंधारातल्या डोळ्याची वायर

१/
एप्रिल १९४५. ओकिनावा बेटावर अमेरिकन छावण्यांच्या कडेला रात्री काही सैनिक एक विचित्र हत्यार घेऊन बसत. आखूड कार्बाइन बंदूक, तिच्यावर जाडजूड दुर्बीण आणि सोबत काळ्या काचेचा एक दिवा. हा दिवा लावला तरी कोणाच्या डोळ्यांना उजेड दिसत नसे. बंदुकीतून एक जाड वायर निघून सैनिकाच्या पाठीवरच्या पिशवीत जाई. त्या पिशवीत होती शिसे-आम्लाची सहा व्होल्टची विजेरी, म्हणजे मोटारीत असते तिचीच धाकटी बहीण. अंधारात सरपटत येणारा शत्रू हा सैनिक पाहू शकत असे. मात्र पाठीवरचे ओझे उतरवले की तोही इतरांसारखाच आंधळा होई.

२/
रात्री पाहणाऱ्या यंत्रांचा इतिहास सहसा नळ्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो: पहिली पिढी, दुसरी पिढी, तिसरी पिढी. हा थ्रेड नळीविषयी कमी आणि त्या वायरीविषयी अधिक आहे. नळी उत्तम असूनही तिच्या मापाचा सेल मिळेनासा झाल्यामुळे कपाटात पडून राहिलेली यंत्रे थोडी नाहीत. ती पुन्हा चालू व्हावीत म्हणून घडवलेल्या बाह्य विजेऱ्यांची आणि अडॅप्टरांची ही कथा आहे.

३/
आधी थोडे मागे. १९३४ साली नेदरलँड्समधील आइंडहोवेन येथे, फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत, खिलेस होल्स्ट आणि सहकाऱ्यांनी एक काचपात्र तयार केले. त्यात दोन पृष्ठभाग समोरासमोर होते. एकावर असा लेप, की अवरक्त किरण पडताच त्यातून इलेक्ट्रॉन सुटावेत. दुसऱ्यावर असा लेप, की इलेक्ट्रॉन आदळताच तो हिरवट उजळावा. हे इलेक्ट्रॉन पुरेशा वेगाने पलीकडे पोहोचायचे तर दोन पृष्ठभागांमध्ये काही हजार व्होल्टचा दाब हवा.

येथेच पुढच्या साऱ्या कटकटींचे मूळ आहे. नळीला दाब प्रचंड लागतो, पण प्रवाह अगदी नगण्य. म्हणजे विजेरी मोठी असण्याचे कारण नाही; विजेरीच्या दोनचार व्होल्टांचे हजारो व्होल्ट करणारे एक मंडल मात्र प्रत्येक यंत्रात असावेच लागते. आणि त्या मंडलाला आत येणारा दाब ठरावीक मर्यादेतलाच हवा असतो.

४/
मग ओकिनावातल्या सैनिकाच्या पाठीवर एवढे ओझे कशासाठी? दिव्यासाठी. त्या काळची नळी केवळ चांदण्यावर पाहू शकत नव्हती. समोरच्या झाडीवर अवरक्त प्रकाशाचा झोत टाकावा लागे आणि हा दिवाच वीज खाई. याचा पुरावा जर्मन यंत्रात फार स्पष्ट दिसतो. १९४५ च्या आरंभी जर्मन सैन्याने ‘व्हॅम्पिर’ नावाचे साधन रणांगणावर आणले. त्यात दोन वेगळ्या विजेऱ्या होत्या. दिव्याची विजेरी लाकडी पेटीत, सुमारे साडेतेरा किलो वजनाची, पाठीवरच्या सांगाड्याला बांधलेली. नळीची विजेरी मात्र गॅस-मुखवट्याच्या डब्यात मावत असे!

दिव्याचा दुसरा दोष वजनाहून गंभीर होता. शत्रूकडेही तसेच यंत्र असेल, तर पेटलेला अवरक्त दिवा त्याला कंदिलासारखा दिसणार.

५/
याच युद्धात आणखी एका प्रश्नाने अमेरिकन सैन्याला हैराण केले होते. प्रशांत महासागरातील बेटांच्या दमट उष्म्यात नेहमीचे जस्त-कार्बनचे सेल वापरण्याआधीच सडून जात. सॅम्युअल रूबेन या संशोधकाने यावर पाऱ्याच्या ऑक्साइडचा सेल शोधला आणि मॅलरी कंपनीने तो मोठ्या प्रमाणावर बनवला. (हीच कंपनी पुढे ड्युरासेल या नावाने घरोघरी पोहोचली.) या सेलचे दोन गुण लक्षात ठेवावेत, कारण पुढची सारी गोष्ट त्यांच्याभोवती फिरते. तो गोदामात वर्षानुवर्षे टिके. आणि त्याचा दाब अखेरपर्यंत जवळजवळ १.३५ व्होल्टवरच स्थिर राही; मग एकाएकी संपे. आपल्या घड्याळातला किंवा रिमोटमधला सेल हळूहळू मंदावत जातो, तसे त्याचे नव्हते.

६/
१९६० च्या दशकाच्या मध्यावर व्हिएतनाममध्ये ‘स्टारलाइट स्कोप’ आला. यात दिवा नव्हता. तीन प्रकाशवर्धक नळ्या एकामागे एक जोडून चांदण्यांचा उजेडच हजारो पट वाढवला जाई. दिवा गेला, तशी पाठीवरची पेटीही गेली. उरला एक लहानसा पाऱ्याचा संच: १.३५ व्होल्टचे पाच सेल एका आवरणात, एकूण ६.७५ व्होल्ट. कळ दाबली की दाब चढवणाऱ्या मंडलातून एक बारीक, तीक्ष्ण शीळ ऐकू येई. दबा धरून बसलेल्या माणसाला ती किती मोठी वाटत असेल, याची कल्पना करता येते.

६.७५ हा आकडा मात्र ध्यानात ठेवावा. तो दुकानात मिळणाऱ्या कोणत्याही सेलच्या पटीत बसत नाही.

७/
पाऱ्याचा सेल उष्ण प्रदेशासाठी जन्मला होता. थंडीत तो लंगडा पडे. गोठणबिंदूच्या आसपास त्याची ताकद झपाट्याने घसरते. सोव्हिएत संघाला ही चैन परवडणारी नव्हती. १९६३ साली स्वीकारलेल्या ड्रागुनोव रायफलची दुर्बीण येथे पाहण्यासारखी आहे. ही काही रात्री पाहणारी नळी नव्हे. तिच्यातल्या नेमरेषा उजळण्यासाठी एक छोटा दिवा असे, आणि आरंभीच्या नमुन्यांत शत्रूचा अवरक्त दिवा ओळखणारा एक चमकणारा पडदाही. त्या दुर्बिणीच्या संचात हिवाळ्यासाठी एक स्वतंत्र वस्तू दिलेली असे: सेल ठेवायची डबी आणि तिला जोडलेली वायर. सेल दुर्बिणीतून काढायचा, डबीत घालायचा, डबी कोटाच्या आत अंगाशी ठेवायची आणि वायरीचे टोक सेलच्या रिकाम्या जागी बसवायचे. माणसाच्या अंगाच्या उबेने सेल जागा राहतो.

आज कोणी हौशी कारागीर नळीच्या यंत्रासाठी बाह्य अडॅप्टर बनवतो, तेव्हा तो नेमके हेच करत असतो. भारतीय सैन्यानेही ही रायफल दीर्घकाळ वापरली. काश्मीरच्या थंडीत त्या डबीचे मोल निराळे सांगायला नको.

८/
१९७० च्या दशकात दुसरी पिढी आली. तीन नळ्यांऐवजी एकच आखूड नळी, आणि तिच्यात लक्षावधी सूक्ष्म छिद्रे असलेली काचेची चकती. या चकतीमुळे यंत्र डोळ्यांवर चष्म्यासारखे घालता येऊ लागले. अमेरिकेच्या ‘पीव्हीएस-५’ या चष्म्यात पाऱ्याच्या दोन सेलांचा संच होता: २.७ व्होल्ट. पुढे सैन्याने त्याच आकाराचा लिथियम-सल्फर डायऑक्साइडचा सेल आणला, दाब सुमारे तीन व्होल्ट. तो कडाक्याच्या थंडीतही चालतो, पण आत दाबाखालचा वायू असतो; तो सामान्य ग्राहकाच्या दुकानात ठेवण्याची वस्तू नव्हे.

त्यानंतरच्या ‘पीव्हीएस-७’ मध्ये आखणी करणाऱ्यांनी शहाणपणा केला. त्यात तो खास लष्करी सेल तरी चालतो, नाहीतर साधे दोन पेन्सिल सेल. रात्रीच्या युद्धाच्या इतिहासात या निर्णयाला जेवढे महत्त्व मिळायला हवे होते तेवढे मिळालेले नाही. पेन्सिल सेल जगातल्या कोणत्याही बाजारपेठेत मिळतो.

९/
जुन्या यंत्रांवर खरा घाला १९९६ साली पडला, तोही रणांगणाबाहेर. पारा माती-पाण्यात उतरतो, या रास्त कारणासाठी अमेरिकेने विजेऱ्यांमधील पाऱ्यावर कायद्याने कठोर निर्बंध आणले. कायदा योग्यच होता. परंतु स्टारलाइट स्कोप आणि त्याच्या काळातली अनेक साधने एका फटक्यात पोरकी झाली. (जुने कॅमेरे वापरणाऱ्या छायाचित्रकारांनाही हाच अनुभव आला, त्यांच्या प्रकाशमापकांचा हिशेबही १.३५ व्होल्टवरच बेतलेला होता.)

१०/
आता अडॅप्टर घडवणाऱ्याचा पेच पाहू. २.७ व्होल्टचा प्रश्न सोपा आहे. दोन ताजे अल्कलाइन सेल ३.२ व्होल्टच्या जवळ जातात, पण सैन्याने स्वतःच तीन व्होल्टचा सेल त्या यंत्रात वापरला होता, म्हणून यंत्र ते सोसते.

६.७५ चे गणित अवघड. चार पेन्सिल सेल सहा व्होल्ट देतात, आणि अल्कलाइन असल्याने घसरत जातात. पाच घेतले तर साडेसात, ताजे असताना आठच्या आसपास. साठ वर्षांच्या जुन्या मंडलाला हा धक्का देणे धोक्याचे. कॅमेऱ्यांसाठी निघालेले तीन व्होल्टचे दोन लिथियम सेल मिळून सहाच्या थोडे वर भरतात, शिवाय त्यांचा दाब बराच काळ स्थिर राहतो. पाऱ्याच्या स्वभावाला सर्वांत जवळचा असा हाच पर्याय. उरते ते त्यांना मूळ संचाच्या मापाच्या आवरणात बसवणे. पूर्वी हे काम लाकडी दांडी, पितळी पट्टी आणि कानशीने होई. आता त्रिमितीय छपाईने होते.

११/
नव्या यंत्रांसाठी ‘खोटा सेल’ बनवतात. पेन्सिल सेलच्या आकाराची प्लास्टिकची नळी, दोन टोकांना धातूच्या टोप्या, आतून बाहेर येणारी वायर आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला शिरस्त्राणाच्या मागे किंवा खिशात मोठा संच. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण यंत्रे मरतात ती येथेच.

पहिली चूक धन-ऋणाची. वायर उलटी जोडली गेली आणि यंत्रात संरक्षण नसले, तर हजारो रुपयांचे नव्हे, लाखोंचे नुकसान एका क्षणात होते. दुसरी चूक अधिक कपटी आहे. पेन्सिल सेलच्याच मापाचे, हुबेहूब दिसणारे सेल ३.६ व्होल्टचेही असतात, आणि पुन्हा चार्ज होणारे लिथियम-आयन सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतात. खाचेत नीट बसतात म्हणून चालतील असे नाही. म्हणून जाणता कारागीर मध्ये दाब नियंत्रित करणारे लहान मंडल आणि फ्यूज घालतो, आणि ओढ बसताच सुटणारी जोडणी ठेवतो. अन्यथा झुडपात अडकलेली वायर यंत्राची खाच उखडून नेते.

आणखी एक गंमत. काही जण सरळ मोबाइलची पॉवर बँक जोडतात आणि यंत्र थोड्या वेळाने आपोआप बंद पडते. नळी इतका कमी प्रवाह घेते, की पॉवर बँकेला वाटते फोन भरून झाला!

१२/
वायर मागे नेण्याचे दुसरे कारण वैमानिकांनी शोधले. हेलिकॉप्टर वैमानिकांच्या शिरस्त्राणापुढे चष्मा टांगला की मान पुढे ओढली जाई. तोल साधण्यासाठी मागे वजनाच्या पिशव्या लावाव्या लागत. १९८० च्या दशकातील वैमानिकी चष्म्यात विजेरीचा डबाच शिरस्त्राणाच्या मागे गेला. त्यात दोन स्वतंत्र कप्पे: एक चालू, एक राखीव. उड्डाणात एक संपला तर कळ फिरवून दुसरा चालू करायचा. आजच्या सैनिकी दुहेरी चष्म्यांसोबत येणारा चार पेन्सिल सेलांचा डबा याच वंशातला.

१३/
थर्मल यंत्रांची भूक मात्र निराळी. ती उजेड वाढवत नाहीत, वस्तूची उष्णता पाहतात. १९५९ साली इंग्लंडमधील माल्व्हर्न येथे पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांच्या मिश्रणातून असा संवेदक पदार्थ मिळाला. तो नीट चालण्यासाठी द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत, उणे १९६ अंशांपर्यंत थंड करावा लागे. म्हणून आरंभीच्या थर्मल साधनांसोबत विजेरीच नव्हे, दाबलेल्या वायूची बाटलीही वाहावी लागे. अमेरिकेत हनीवेल कंपनीत विकसित झालेल्या आणि १९९२ मध्ये गोपनीयतेतून बाहेर आलेल्या मायक्रोबोलोमीटरने बाटली संपवली. विजेची तहान मात्र राहिलीच. एका पेन्सिल सेलवर प्रकाशवर्धक नळी अनेक रात्री चालते. थर्मल दुर्बीण काही तासांत सेल पिऊन टाकते. नळीच्या यंत्राला बाह्य विजेरी ही सोय आहे, थर्मलला ती गरज आहे.

थंडीत तर अधिकच. अल्कलाइन सेल उणे २० अंशांच्या आसपास जवळजवळ हात टेकतो. दीड व्होल्टचा लिथियम पेन्सिल सेल उणे ४० पर्यंत तग धरतो, पण तो महाग, आणि पुन्हा भरता येत नाही. म्हणून सेल अंगाशी आणि यंत्र बाहेर, ही ड्रागुनोवच्या डबीची युक्ती येथेही लागू पडते.

१४/
महाराष्ट्राचा धागा येथे जुळतो. १९९० साली पुण्यात भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि नेदरलँड्सच्या डेल्फ्ट इन्स्ट्रुमेंट्स यांच्या भागीदारीतून एक कंपनी उभी राहिली आणि प्रकाशवर्धक नळ्या येथे बनू लागल्या. होल्स्टच्या काचपात्राचा देश आणि पुणे असे एका नळीने जोडले गेले.

१५/
स्टारलाइट स्कोपच्या नळ्यांविषयी एक शेवटची नोंद. योग्य अडॅप्टर बसवून कळ दाबली, की ती व्हिएतनाममधली शीळ आजही ऐकू येते आणि पडदा हिरवा होतो. सेल काढून घेतला तरी तो लगेच विझत नाही. नळीत साठलेला विद्युतभार हळूहळू ओसरेपर्यंत, अंधाऱ्या खोलीत तो काही काळ तसाच मंद चमकत राहतो.