१९६४ चे धरणे : भांडण मिटले की थांबले?

१९६४ साली नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी शांततेचे दोन प्रकार सांगितले : एक म्हणजे नुसता हिंसेचा अभाव, दुसरी माणसांना जोडणारी. त्याच उन्हाळ्यात आपले बेने इस्राएल बांधव यरुशलेममध्ये धरणे धरून बसले होते. मुख्य रब्बानूतच्या १९६२ च्या आदेशाने, लग्न समाजाबाहेर ठरले की आपल्या मुलामुलींच्या आईकडील पिढ्यांची चौकशी होई. ऑगस्टमध्ये क्नेसेटने आपल्याला सर्व बाबतींत यहुदी मानले. मग आदेशातून ‘बेने इस्राएल’ हे नाव गेले. त्याजागी ‘ज्यांच्याविषयी शंका असेल ते’ असे शब्द आले. नाव गळले, हा विजय लहान नव्हे. धरणे उठले, पहिली शांतता आली. दुसरी? शंका घेण्याचा अधिकार मात्र लग्न नोंदवणाऱ्या रब्बींकडेच राहिला.