भरवेलीचा काळा दगड : पोलादापासून विद्युत्घटापर्यंत



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींच्या शाळेत मराठीच्या अध्यापकाने संतसाहित्यावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. आजचा विषय मात्र एका दगडाचा आहे. ऊर्जा, नवे पदार्थ, रसायन आणि इलेक्ट्रॉनिकी या क्षेत्रांतील नवनव्या संशोधनाच्या वार्ता आपण रोज वाचतो, आणि ते सारे कोठेतरी दूर चालले आहे असे मानून पान उलटतो. वस्तुतः त्यातील एका मोठ्या प्रकरणाचा कच्चा माल आपल्याच जिल्ह्यात, बालाघाटलगतच्या भरवेलीत, शंभराहून अधिक वर्षे जमिनीखालून निघत आहे. तो म्हणजे मँगनीज. इतिहास म्हणजे गोंड राजे आणि भोसले एवढेच नव्हे. लांजीच्या किल्ल्याचा इतिहास आपण सांगतो, तसा या दगडाचाही सांगितला पाहिजे.

मँगनीज मनुष्याला प्रथम रंग म्हणून ठाऊक झाले. प्राचीन गुहाचित्रांतील काळ्या रेषांत मँगनीजचे ऑक्साइड सापडले आहे. पुढे काच करणाऱ्या कारागिरांना कळले, की चिमूटभर काळी भुकटी वितळलेल्या काचेत टाकली असता लोखंडामुळे आलेली हिरवट छटा जाते. पायरोल्यूसाइट या खनिजनामाचा मूळ ग्रीक अर्थच मुळी ‘अग्नीने धुणारा’ असा आहे. काळ्या पदार्थाने काच धुवावी, ही कल्पना एखाद्या कवीलाही सुचली नसती! १७७४ मध्ये शेले या स्वीडिश रसायनज्ञाने याच खनिजावर मिठाच्या आम्लाची क्रिया करून क्लोरीन वायू मिळवला, आणि त्याच वर्षी त्याचा मित्र गान याने मँगनीज धातू वेगळा केला.

आपल्या भागातील मँगनीजचे शास्त्रीय वर्णन ज्याने केले, त्या लुईस ली फर्मोरचे नाव येथे आदराने घेतले पाहिजे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील या तरुण अधिकाऱ्याचा हिंदुस्थानातील मँगनीज-साठ्यांवरील विस्तृत ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. (इंग्रजीतील ख्यातनाम प्रवासलेखक पॅट्रिक ली फर्मोर हे यांचेच चिरंजीव. साहित्याच्या अध्यापकाला एवढे विषयांतर क्षम्य असावे.) फर्मोरने नवी खनिजे ओळखली आणि त्यांना नावे दिली. झाबुआकडील काजळीडोंगरी येथील खनिजाला खात्याचे संचालक हॉलंड यांच्यावरून ‘हॉलंडाइट’, नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरीच्या खनिजाला सहकारी व्रेडेनबर्ग यांच्यावरून ‘व्रेडेनबर्गाइट’, छिंदवाड्याकडील सीतापारच्या खनिजाला ‘सीतापाराइट’. आपल्या तिरोडी गावाच्या नावाने ‘तिरोडाइट’ हे खनिजही १९३८ मध्ये नोंदले गेले. काळाच्या ओघात सीतापाराइट हे बिक्सबाइटच असल्याचे ठरले, तिरोडाइट नामकरणाच्या नव्या नियमांत मागे पडले. साहेबांच्या नावाचे हॉलंडाइट मात्र टिकले. तथापि ज्या खडकाच्या संगतीने हे मँगनीज येते, त्या गारगोटी व गार्नेटयुक्त खडकाला फर्मोरने ‘गोंडाइट’ म्हटले, ते येथील गोंड समाजावरून. जगातील कोणत्याही खंडात तसा खडक सापडला की भूवैज्ञानिकाला आजही गोंडांचे नाव उच्चारावे लागते. मला हे शिलालेखाहून मोलाचे वाटते.

व्यापाराचा इतिहास थोडक्यात सांगतो. पोलादातील गंधक व ऑक्सिजन यांचा उपद्रव मँगनीज दूर करते. १८८२ मध्ये हॅडफील्डने बाराएक टक्के मँगनीज घालून असे पोलाद केले, की ते ठोके खाऊन अधिकच कठीण होई. म्हणून युरोपच्या भट्ट्यांना हे धातुक हवे होते. १९०५ च्या रशियातील उठावाने तेथील पुरवठा विस्कळीत झाला, भाव चढले आणि मध्यप्रांताच्या खाणींना बरकत आली. अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे गोंदियाहून बालाघाटकडे याच काळात धावू लागली. खाणी प्रथम एका इंग्रज कंपनीकडे होत्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ एकीकडे आणि आपण दुसरीकडे गेलो. पण १९६२ मध्ये मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली, तेव्हा तिच्यात केंद्राबरोबर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश अशी दोन्ही सरकारे भागीदार होती. १९७७ मध्ये ती पूर्णतः सरकारी झाली आणि २०१० पासून नुसती ‘मॉइल’ म्हणून ओळखली जाते. २०२३-२४ मध्ये तिचे उत्पादन सुमारे साडेसतरा लाख टन झाले. भरवेलीची खाण आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगनीज-खाण मानली जाते.

आता विजेकडे वळू. १८६६ मध्ये लेक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड यांचा विद्युत्घट केला. वीस वर्षांनी गास्नरने त्यातील द्रावाची लापशी करून त्याला कोरडे रूप दिले. आपल्या टॉर्चमधला आणि ट्रांझिस्टरमधला सेल तो हाच. जस्त विरघळताना इलेक्ट्रॉन सोडते, ते बाहेरच्या तारेतून दिवा उजळून परत येतात आणि मँगनीज डायऑक्साइड त्यांना पदरात घेते. खेड्यापाड्यांतील घराघरांत मंदावलेले सेल उन्हात ठेवण्याची रीत होती. ती खुळी नव्हती. मँगनीजच्या कणांच्या पृष्ठभागावर साचलेला भार उष्णतेने आत झिरपतो, लापशीतील अडथळे जरा दूर होतात, आणि सेल पुन्हा तासभर बातम्या ऐकवतो. त्याचे गमावलेले द्रव्य मात्र ऊन परत देत नाही.

सेलसाठी कोणतेही मँगनीज चालत नाही. भरवेलीचे धातुक मुख्यतः ब्राउनाइट, त्यात सिलिका असते. ते पोलादाच्या कामाचे. डायऑक्साइड प्रकारचे धातुक भंडारा जिल्ह्यात तुमसरजवळ डोंगरी बुजुर्ग येथे निघते. १८२०-२१ मध्ये भंडारा हे मुख्य ठिकाण होण्यापूर्वी त्या सगळ्या वैनगंगाखोऱ्याचा कारभार या लांजीतून चालत असे, हे येथील श्रोत्यांना सांगणे न लगे. त्याच डोंगरीत नव्वदीच्या दशकारंभी मॉइलने विद्युत् विश्लेषणाने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड करण्याचा कारखाना काढला. अशा कारखान्यात धातुक कोळशाबरोबर भाजून आम्लात विरघळणारे केले जाते, मग गंधकाम्लात विरघळवले जाते, लोह व अन्य धातू टप्प्याटप्प्याने खाली बसवले जातात आणि नव्वद अंशांहून अधिक तापलेल्या द्रावणातून वीज सोडली जाते. धनाग्रावर काळा थर चढतो. तो खरवडून, दळून, धुऊन घटात जातो. निसर्गाने केलेला पदार्थ मोडून तोच पुन्हा माणसाने घडवायचा, कारण विजेला हवी ती स्फटिकरचना आणि शुद्धता खाणीत मिळत नाही.

लिथियमच्या घटांत मँगनीज आले ते कोबाल्टला पर्याय म्हणून. १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड वापरले. १९९१ मध्ये सोनीने असा घट बाजारात आणला. परंतु कोबाल्ट महाग, आणि आज त्याचा बहुतांश एकट्या काँगो देशातून निघतो. दक्षिण आफ्रिकेहून मायकेल थॅकरे ऑक्सफर्डला आले. मँगनीजच्या सर्वांत मोठ्या साठ्यांच्या देशातून आलेल्या या संशोधकाने गुडइनफ यांच्यासह १९८३ मध्ये दाखवले, की मँगनीजच्या स्पिनेल जातीच्या ऑक्साइडमधून लिथियमचे अणू तीनही दिशांनी ये-जा करू शकतात. द्रव्य स्वस्त, दाब सुमारे चार व्होल्ट. गुडइनफ यांना २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि या घटाचा एक शत्रू आहे आणि तो आपल्या चांगल्या परिचयाचा आहे : उन्हाळा. स्पिनेलमधील तीन-संयुजी मँगनीजचे दोन अणू एकमेकांत देवघेव करतात. एक चार-संयुजी होतो, दुसरा दोन-संयुजी. हा दुसरा द्रावात उतरतो, समोरच्या कार्बनच्या अग्रावर जाऊन बसतो आणि तेथील संरक्षक थर बिघडवतो. पन्नास-पंचावन्न अंशांवर हे फार वेगाने घडते. वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या वाहनाच्या पेटीत तेवढे तापमान सहज होते. म्हणून गेली तीसेक वर्षे संशोधक त्या कणांवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ लेप देत आहेत, मँगनीजच्या काही अणूंच्या जागी ॲल्युमिनियम वा निकेल बसवत आहेत. या शतकाच्या प्रारंभी निकेल, मँगनीज व कोबाल्ट यांचे मिश्र ऑक्साइड आले आणि मोटारींत रूढ झाले. मे २०२५ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे पासष्ट टक्के मँगनीज असलेले घट २०२८ पासून वापरण्याचा मानस जाहीर केला.

हॉलंडाइटची कथाही येथे पूर्ण करतो. १९५० मध्ये त्याची रचना उलगडली, तेव्हा अणूंच्या साखळ्यांमध्ये लांब बोगदे आढळले आणि त्यांत बेरियम वसलेले दिसले. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील रिंगवुड यांनी अणुभट्टीतील घातक सीझियम कोंडून ठेवण्यासाठी जो कृत्रिम खडक सुचवला, त्यातील एक घटक याच रचनेचा आहे. मँगनीजच्या जागी तेथे टायटॅनियम असते. आणि आपल्या मोबाइलच्या चार्जरमधील चिमुकल्या रोहित्राचा गाभा सामान्यतः मँगनीज-जस्त फेराइटचा असतो. हे द्रव्य फिलिप्स कंपनीतील स्नूक यांच्या संशोधनातून पुढे आले. त्याभोवती तांब्याची तार. तांबेही आपल्याच जिल्ह्यात, मलाजखंडला निघते.

या दगडाची दुसरी बाजूही आहे. मँगनीजची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास ती मेंदूवर परिणाम करते; चाल अडखळते, चेहरा भावशून्य होतो, आवाज खोल जातो. ग्लासगोतील कूपर या वैद्याने धातुक दळणाऱ्या कामगारांत हे १८३७ मध्येच नोंदले होते. धातुक पाण्याने ओले ठेवणे, हवा खेळती ठेवणे आणि तोंडावर योग्य आच्छादन, हे त्यावरचे उपाय आहेत. दगड दळणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ते पाळले जातात की नाही, हे विचारण्याचा अधिकार खाणीच्या गावांना आहे. शुद्ध घटाच्या गौरवात हा माणूस विसरला जातो, आणि खाणीच्या इतिहासांतही तो क्वचितच आढळतो.

शेवटी आजच्या स्थितीविषयी. जगातील सुमारे नव्वद टक्के मँगनीज अजूनही पोलादाकडे जाते. घटांचा वाटा लहान, पण वाढता. घटाच्या प्रतीचे मँगनीज सल्फेट शुद्ध करण्याचे काम मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक चीनमध्ये होते. दगड अनेक देशांकडे आहे, शुद्धीकरणाची विद्या एकवटलेली आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये घटाच्या प्रतीच्या मँगनीजला सामरिक महत्त्वाच्या यादीत घातले. त्याच वर्षी भारत सरकारने तीस अत्यावश्यक खनिजांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात मलाजखंडचे तांबे आहे, भरवेलीचे मँगनीज नाही. घरात साठा आहे म्हणून चिंता नाही, असा विचार त्यामागे असू शकेल. मला तो अपुरा वाटतो, कारण साठा धातुकाचा आहे, घटाच्या प्रतीच्या मिठाचा नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीने तेथील आयसर संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन घटांचे तंत्र जाहीर केले. लिथियम आपल्याकडे दुर्मिळ, सोडियम मिठागरात मिळते. आणि सोडियमच्या घटांसाठी जगभर अभ्यासल्या जाणाऱ्या ऑक्साइडांपैकी अनेकांत मँगनीज प्रमुख असते. भरवेलीचा ब्राउनाइट आधी भाजून, मग आम्लात विरघळवून, त्यातील सिलिका, लोह, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढावे लागते. त्यातही शेवटची दोन मँगनीजच्या फार जवळची. द्रावणातून तीच सर्वांत उशिरा आणि सर्वांत कष्टाने निघतात.