खोडदची दुर्बीण आणि सुट्या भागांचा फोन

१/ सप्टेंबर २०१६ मध्ये गूगलने ‘प्रोजेक्ट आरा’ गुंडाळला. कॅमेरा, बॅटरी, स्पीकर असे भाग ठोकळ्यांप्रमाणे काढून त्यांच्या जागी नवे बसवता येतील, असा फोन तीन वर्षे घडत होता. तो बाजारात आलाच नाही.

२/ पुढच्याच महिन्यात, १९ ऑक्टोबरला, युरोपीय अवकाश संस्थेचे ‘स्कियापारेल्ली’ यान मंगळावर उतरू लागले. त्याचा ४०१ मेगाहर्ट्झचा क्षीण संकेत जुन्नर तालुक्यातील खोडदच्या दुर्बिणीने टिपला. उतरण्याच्या अपेक्षित क्षणाआधीच तो थांबला. पुढे स्पष्ट झाले की यान मंगळावर आदळले होते.

३/ दुर्बीण जुनी होती, पण तो संकेत पकडणारे ग्राहकयंत्र नवे होते. जुने यंत्र ३२५ मेगाहर्ट्झच्या आसपासच ऐके. ४०१ त्याच्या आवाक्याबाहेर होते. सांगाडा तोच ठेवून भाग बदलण्याची जी कल्पना खिशात फसली, ती खोडदच्या माळावर कशी रुजली?

४/ या कथेची मुळे कल्याणला सापडतात. १९५० च्या दशकात गोविंद स्वरूप सिडनीत काम करत असताना तेथील पॉट्स हिल वेधशाळेतील सुमारे सहा फुटी ३२ अँटेना निकामी ठरू लागल्या होत्या. त्या भारताला भेट मिळाल्या आणि १९६५ मध्ये कल्याणजवळ त्यांतून सूर्याचा वेध घेणारी नवी दुर्बीण उभी राहिली.

५/ पुढे स्वरूप यांच्याच नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जीएमआरटी उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांपैकी १४ खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये आहेत, तर १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन शाखांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. जुन्नर-आंबेगाव परिसरातील डोंगरांनी शहरी रेडिओ गोंगाट अडवला, हे ही जागा निवडण्याचे एक कारण.

६/ एवढ्या मोठ्या अँटेना स्वस्तात कशा झाल्या? भरीव पत्र्याऐवजी पोलादी दोरांवर ताणलेली, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तारेची जाळी वापरली गेली. वारा तिच्यातून निघून जातो. लांब रेडिओ लहरी मात्र परावर्तित होतात. वजन घटले, तसा खर्चही घटला.

७/ जाळीवरून परतलेल्या लहरी वर केंद्रस्थानी एकवटतात. तिथे चार बाजूंची फिरती चौकट आहे आणि तिच्या बाजूंवर वेगवेगळ्या लहरींची ग्राहकयंत्रे बसवलेली आहेत. हवी ती बाजू जाळीकडे वळवायची. म्हणजे भाग बदलण्याची सोय मूळ रचनेतच होती.

८/ ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण जगभरच्या संशोधकांसाठी खुली झाली. दशकभरातच तिचे इलेक्ट्रॉनिक्स मागे पडले. एका वेळी जेमतेम ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा तिला ऐकता येई. जाळी, दोर आणि खांब मात्र धडधाकट होते.

९/ नांगराचा फाळ झिजला की शेतकरी नांगर मोडीत काढत नाही. लोहाराकडून नवा फाळ बसवून घेतो. सावकाश जुने होणारे आणि झपाट्याने जुने होणारे भाग वेगळे असले, तरच हे शक्य होते. खोडदला ते वेगळे होते.

१०/ २०१० च्या दशकात टप्प्याटप्प्याने नवी ग्राहकयंत्रे चढली: १२०–२५०, २५०–५००, ५५०–८५० आणि १०५०–१४५० मेगाहर्ट्झ. एका वेळी ऐकू येणारा पट्टा ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला. जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरमधून जुने आणि नवे संकेत काही काळ शेजारी-शेजारी धावले, त्यामुळे वेध घेण्याचे काम फारसे थांबले नाही.

११/ संकेत एकत्र जुळवणारी यंत्रणाही बदलली. आधी खास घडवलेल्या चिप होत्या, मग बाजारात मिळणारे संगणक आले आणि पुढे ग्राफिक्स कार्डे. व्हिडिओ गेमसाठी वाढलेल्या तंत्राने आकाशाचे गणित सोडवले.

१२/ फळ लवकरच दिसले. ऑक्टोबर २०२० मध्ये, सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील अणुरूप हायड्रोजनचे मापन प्रसिद्ध झाले. जून २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडणाऱ्या जागतिक प्रयत्नातही खोडदच्या नोंदी होत्या.

१३/ मग फोनचे घोडे कुठे अडले? फोनमध्ये प्रत्येक मिलिमीटर मोलाचा. प्रत्येक सुट्या भागाला स्वतःचे कवच, खटका आणि जोडणी लागते. फोन जाड होतो, महागही होतो. शिवाय प्रक्रियक, ग्राफिक्स आणि मोडेम आता बहुधा एकाच चिपवर असतात. तिथे फाळ आणि नांगर एकच झाले आहेत.

१४/ दुसरे कारण मालकीचे. दुर्बिणीचा मालक आणि कारागीर एकच संस्था आहे. यंत्र जितके टिकेल तितका तिचा फायदा. फोन कंपनीचा नफा नव्या विक्रीत असतो. एलजीने २०१६ मध्ये ‘जी५’ला बदलते भाग दिले, पुढच्याच वर्षीच्या ‘जी६’मधून ते गायब झाले.

१५/ तरीही कल्पना पूर्ण मेलेली नाही. नेदरलँड्सच्या फेअरफोन कंपनीने २०२० मध्ये आपल्या आधीच्या फोनच्या ग्राहकांना नवा कॅमेरा विकत घेऊन स्वतः बसवण्याची सोय दिली. जून २०२५ पासून युरोपीय महासंघात फोनची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग पुरवणे बंधनकारक आहे. भारत सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केले.

१६/ म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. भाग बदलून फोन अधिक सामर्थ्यवान करण्याचे स्वप्न बहुधा मोजक्या हौशींपुरते राहील. बॅटरी, पडदा, कॅमेरा बदलून तोच फोन आणखी काही वर्षे वापरणे मात्र शक्य आहे, कारण हे भाग आजही मुख्य चिपपासून वेगळे आहेत. अडचण आहे ती ते मिळण्याची आणि बसवता येण्याची.

१७/ गोविंद स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी निवर्तले. सिडनीत निकामी ठरलेल्या अँटेना कल्याणला उभ्या करणाऱ्या या शास्त्रज्ञाने खोडदला उभारलेल्या अँटेना आज नव्या ग्राहकयंत्रांसह आकाश ऐकत आहेत. भाग सुटे असणे ही पहिली अट. ते बदलणारे हात आणि बदलण्यात ज्याचे हित आहे असा मालक, या पुढच्या दोन. खोडदला तिन्ही अटी पुऱ्या झाल्या. फोनच्या बाबतीत शेवटच्या दोन अजून बाकी आहेत.